तांबड्या नदीचा लोणा

सप्टेंबर संपत आला होता आणि दक्षिण स्पेनमध्ये चार महिने पाऊस नव्हता. रिओ तिंतो नदीच्या उगमापाशी पाणी जेमतेम घोट्याएवढे होते, पण रंग असा की डोंगराच्या पोटातून कुणी कोकमाचे आगळ ओतत असावे. दोन्ही काठांना पिवळ्याधमक पोपड्यांची किनार, तिच्या वर पिठासारखी पांढरी भुकटी, आणि जिथे ऊन पोचत नव्हते त्या कपारीत काही निळे खडे. ते पाहून मी जागीच थांबले, कारण ते माझ्या ओळखीचे होते. श्रीवर्धनच्या आमच्या घरी पडवीतल्या फडताळात, मुलांचा हात पोचू नये म्हणून सर्वांत वरच्या फळीवर ठेवलेल्या बरणीत हेच असायचे. मोरचूद.

मी नदी पाहायला आले होते, ती मंगळावरच्या जमिनीसारखी दिसते असे ऐकून. पुढचे पाच दिवस मात्र मी उगमापासून समुद्रापर्यंत त्या काठच्या पोपड्यांच्या मागे फिरले. पावसाळा सरला की जुन्या भिंतीला आतून लोणा फुटतो. इथे सगळ्या डोंगराला लोणा फुटला होता, आणि तो का फुटतो हे समजले की या प्रदेशाचा तीन हजार वर्षांचा इतिहास उलगडत जातो.

उगमाजवळच्या जागेचे नाव पेन्या दे येर्रो, म्हणजे लोखंडाचा कडा. तिथे एक बंद पडलेली खाण आहे आणि तिच्या खड्ड्यात गडद तांबड्या पाण्याचे तळे साचले आहे. आंदालुसिया प्रांतातल्या सेवियाच्या आसपास सुरू होऊन थेट पोर्तुगालपर्यंत, सुमारे २५० किलोमीटर लांबीचा, पायराइटचा एक पट्टा जमिनीखालून जातो. साधारण ३५ कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तळाशी ज्वालामुखी धुमसत होते, आणि भेगांतून वर येणाऱ्या उकळत्या पाण्याने लोखंड, तांबे, जस्त, शिसे हे सारे गंधकाशी जोडलेल्या रूपात तळावर साठवले. त्यात सर्वांत जास्त पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचा सोन्यासारखा चमकणारा दगड. आपल्या जुन्या रसशास्त्रातले माक्षिक याच गोतावळ्यातले.

जमिनीखाली हवेपासून दूर असलेला पायराइट कोट्यवधी वर्षे तसाच राहतो. एकदा का त्याला हवा आणि पाणी दोन्ही मिळाली, की तो कुजू लागतो. गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल होते आणि लोखंड त्यात विरघळते. ते पाणी खडकाच्या भेगांतून पाझरत बाहेर येते, उन्हाने आटते, आणि मागे क्षार उरतात. पहिला येतो हिराकस, फिक्या हिरव्या काचेसारखा. खनिजशास्त्रात त्याला मेलँटेराइट म्हणतात. हे नाव काळ्या रंगावरून पडले आहे, कारण हिरवा हिराकस हिरड्यासारख्या तुरट फळाच्या काढ्यात पडला की काळी शाई होते, आणि हे ग्रीकांना तसेच आपल्याकडच्या रंगाऱ्यांनाही माहीत होते. हिराकसाच्या स्फटिकात पाण्याचे सात रेणू असतात. कोरड्या हवेत त्यातले तीन उडून जातात आणि स्फटिक ढासळून त्याची पांढरी भुकटी होते. तिचे नाव रोझेनाइट. लोखंडाला आणखी प्राणवायू मिळाला की पिवळाजर्द कोपियापाइट तयार होतो, कुठे कुठे जांभळट छटेचा कोकिम्बाइट. ही दोन्ही नावे चिलीमधल्या ठिकाणांवरून आली आहेत. खडकात अॅल्युमिनियम असेल तर केसांच्या झुबक्यासारखे रेशमी तंतू वाढतात, तो हॅलोट्रिकाइट, आपल्या तुरटीचा जवळचा भाऊ. आणि जिथे तांबे असेल तिथे मोरचूद.

मला वाटेवर घेऊन जाणाऱ्या बाई जवळच्या नेर्वा गावच्या होत्या. त्यांचे वडील खाणीत होते, आजोबाही. मी पोपड्याला बोट लावणार तेवढ्यात त्यांनी हात धरला आणि म्हणाल्या, “हे तोडून घरी नेलेत तरी टिकणार नाही. डबीत पाणी धरेल नाहीतर भुगा होईल. आणि इथेसुद्धा पहिला पाऊस पडला की एका दिवसात सगळे जाते.” माझ्या मनात खनिज म्हणजे न बदलणारी वस्तू होती. इथे मात्र फुलांसारखी खनिजे पाहिली, ऋतूबरोबर येणारी आणि ऋतूबरोबर जाणारी.

मग मी सर्वांना पडणारा प्रश्न विचारला. नदी अशी खाणींमुळे झाली की आधीपासूनच अशी होती? त्यांनी नदीपासून दूर, उंचावर असलेल्या एका सपाटीकडे बोट दाखवले. आल्तो दे ला मेसा नावाच्या त्या टेकाडावर नदीने पूर्वी साठवलेल्या लोहमय थरांच्या पायऱ्या आहेत, आणि त्यांचे वय सुमारे २० लाख वर्षे निघाले आहे. म्हणजे माणूस इथे यायच्या कितीतरी आधी नदी आंबट आणि तांबडी होती. पण डोंगराने स्वतःहून उघडलेली फट आणि माणसाने पाडलेले भगदाड यांत फरक आहे, आणि ते भगदाड मला दुसऱ्या दिवशी दिसले.

मिनास दे रिओतिंतो गावाजवळचा कोर्ता अतालाया हा खड्डा सुमारे १२०० मीटर लांब, ९०० मीटर रुंद आणि साडेतीनशे मीटरांच्या आसपास खोल आहे. पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाणाऱ्या त्याच्या भिंती राखाडी, जांभळ्या, पिवळ्या, गेरूच्या रंगाच्या आहेत. काठावर उभे राहिले की डोळा आपोआप थर मोजू लागतो. या सगळ्या परिसरात सर्वांत वर गंजाचा जाड तांबडा थर असे. खाणवाले त्याला गॉसन म्हणतात. पायराइट कुजून गंधक वाहून गेले की मागे लोखंडाचा गंज डोंगराच्या डोक्यावर पागोट्यासारखा उरतो. आणि या पागोट्याच्या तळाशी, न कुजलेल्या दगडाच्या अगदी वर, पिवळट मातीचा एक पातळ थर सापडतो. ती माती म्हणजे जारोसाइट, लोखंडाचा आणखी एक सल्फेट. वरून झिरपत आलेली चांदी आणि शिसे या मातीत अडकून राहतात.

या प्रवासात मला सर्वांत मोठा धक्का या मातीने दिला. रिओतिंतोची चांदी म्हटल्यावर मी चमकत्या शिरांची कल्पना केली होती. फिनिशियन व्यापारी ज्या चांदीसाठी भूमध्य समुद्र ओलांडून आले आणि नंतर रोमन साम्राज्याने जिच्यासाठी इथे बोगद्यांचे जाळे खणले, तिचा मोठा हिस्सा या मळकट पिवळ्या मातीतून आला. ती वितळवून उरलेली मळी रोमनांनी लाखो टनांनी मागे टाकली. तिचे काळे ढीग अजून दिसतात. भट्ट्यांच्या धुराबरोबर शिसेही आकाशात गेले आणि वाऱ्याने ग्रीनलंडच्या बर्फावर जाऊन बसले. १९९७ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या बर्फातल्या शिशाच्या समस्थानिकांची जुळणी केली, तेव्हा इसवी सनाच्या आगेमागे दोनशे वर्षांच्या थरातले बरेचसे शिसे रिओ तिंतोच्या खाणींतले निघाले.

बोगदे खोल गेले की आत पाणी भरे, आणि तेही असे आंबट पाणी. ते उपसायला रोमनांनी लाकडी चाके बसवली होती, एकावर एक अशा टप्प्यांनी, आपल्या रहाटगाडग्याच्या जातीची. फरक इतकाच की ती जमिनीच्या पोटात, अंधारात, माणसांच्या पायांनी फिरत. असे एक चाक वेल्वा शहराच्या संग्रहालयात आहे. चार मीटरांहून अधिक व्यासाचे हे चाक पाहताना मला एकच प्रश्न पडला, दोन हजार वर्षे लाकूड कुजले कसे नाही? ज्या पाण्याने लोखंडी अवजारे खाल्ली, त्यातल्या तांब्याने आणि आम्लाने लाकडाची बुरशी मारली आणि चाक राखले, असे त्याचे कारण देतात.

रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकात स्पेनमधला आणखी एक धंदा लिहून ठेवला आहे. काही विहिरी आणि डबकी अशी होती की त्यांचे पाणी उकळून लाकडी हौदात ओतत आणि वर बांधलेल्या दोऱ्या खड्यांचे वजन लावून आत सोडत. दोऱ्यांवर निळे, काचेसारखे दाणे धरत, द्राक्षांच्या घडासारखे. ते वाळवून चामडे काळे करायला आणि औषधाला विकत. काचेसारखे दिसतात म्हणून पुढे युरोपात या सगळ्या क्षारांना व्हिट्रिऑल हे नाव पडले, कारण लॅटिनमध्ये काचेला व्हिट्रुम म्हणतात. आपल्याकडे रसशास्त्राने मोरचुदाला तुत्थ आणि हिराकसाला कासीस म्हटले, आणि दोन्ही शोधून औषधात घेतले. हजारो कोस दूर असलेल्या माणसांनी एकाच प्रकारचे खडे उचलले, आणि दोघांनाही त्यात विष आणि औषध बरोबरच दिसले.

गावातल्या जुन्या इस्पितळाच्या इमारतीत खाणीचे संग्रहालय आहे. तिथे एक रेल्वेचा डबा पाहून मी पुन्हा थबकले. त्याला महाराजांचा डबा म्हणतात. तो १८९२ मध्ये बर्मिंगहॅमला, राणी व्हिक्टोरियाच्या हिंदुस्थान भेटीसाठी बांधला गेला, असे सांगतात. ती भेट कधी झालीच नाही, आणि डबा हिंदुस्थानात न येता या खाणीत आला. मखमली खुर्च्यांच्या त्या डब्यामागे १८७३ ची गोष्ट आहे. त्या वर्षी कर्जात बुडालेल्या स्पेनच्या सरकारने ही खाण ब्रिटिश भांडवलदारांच्या एका गटाला विकली. त्यांनी दोन वर्षांत वेल्वा बंदरापर्यंत ८४ किलोमीटरचा लोहमार्ग टाकला. गावाबाहेर बेयाविस्ता नावाची साहेबांची वेगळी वस्ती उभी राहिली, इंग्लंडमधून उचलून आणल्यासारखी, उतरत्या छपरांच्या घरांची. साहेबांबरोबर फुटबॉलही आला. १८८९ मध्ये स्थापन झालेला वेल्वाचा रेक्रेआतिवो हा स्पेनमधला सर्वांत जुना क्लब मानतात. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत गेलेल्या माणसांची मी नात. साहेबांची टेकडी आणि कामगारांच्या चाळी यांतले अंतर मला कुणी समजावून द्यावे लागले नाही.

कंपनीला चांदीपेक्षा तांबे आणि गंधक हवे होते. इथल्या दगडात तांबे थोडे, पायराइट फार. म्हणून दगडांचे मोठमोठे ढीग रचून ते उघड्यावर महिनोन्‌महिने जाळत. या ढिगांना तेलेरा म्हणत. डोंगर जे काम पाऊस आणि हवेच्या भरवशावर हजारो वर्षांत करतो, ते आगीने काही महिन्यांत उरकायची ही रीत होती. गंधक जळून जाई आणि तांब्याचा पाण्यात विरघळणारा सल्फेट होई, म्हणजे मोरचूद. मग ढिगांवर पाणी सोडत, ते निळसर पाणी पाटांतून नेत, आणि पाटांत मोडके लोखंड टाकत. लोखंड विरघळे आणि त्याच्या जागी तांबे बसे.

संग्रहालयात हे वाचताना मला आजोबांचा विळा आठवला. पोफळीला पावसाळ्यात कोळे रोग लागतो, सुपाऱ्या कोवळ्या गळून पडतात. म्हणून मृगाआधी बोर्डो मिश्रणाची फवारणी करायची. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मिश्रण तयार झाले की आजोबा घासून लखलखीत केलेला विळा त्यात बुडवत आणि वर काढून उन्हात धरत. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, झाड भाजेल. अजून चुना घालायचा. लहानपणी मला ती जादू वाटे. रिओतिंतोत ती जादू एका अवाढव्य कारखान्याइतकी मोठी करून वापरली होती. विळ्यावर पापुद्र्याइतके चढणारे तांबे इथे जहाजे भरभरून इंग्लंडला जात होते.

त्याची किंमत मात्र हवेत दिसत होती. तेलेरांचा धूर दऱ्यांत उतरून बसे. लोक त्याला मांता म्हणत, म्हणजे घोंगडे. घोंगडे दाट झाले की काम बंद पडे आणि कामगारांचा रोज बुडे. पिके करपत, जनावरे दगावत. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी खाणकामगार आणि आसपासचे शेतकरी एकत्र येऊन गावच्या चौकात जमले. रोज बुडू नये आणि धूर बंद व्हावा, अशी त्यांची मागणी होती. सैनिकांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. किती माणसे मेली याचा आकडा आजही वादात आहे. लोक त्या सालाला गोळ्यांचे साल म्हणतात. हवेसाठी कामगार आणि शेतकरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले, अशा जगातल्या सुरुवातीच्या घटनांत तिची गणना होते. ज्या गावच्या चौकात हे घडले ते जुने गावही पुढे खाणीच्या खड्ड्यात गेले. आजचे गाव नंतर वसवलेले आहे. वाटाड्या बाईंनी हे सांगताना खड्ड्याकडे पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी खाणीच्या जुन्या रुळांवरून नदीकाठाने गेले. एका बाजूला काळ्या मळीचे डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि मैलोन्‌मैल पात्रात मासा नाही. या पाण्याचा पीएच दोन ते अडीच आहे, म्हणजे लिंबाच्या रसाइतके ते आंबट. तरी ते निर्जीव नाही. तांबड्या पाण्याखाली दगडांवर गर्द हिरवे पट्टे दिसले, ते एकपेशीय शैवाल. आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू तर या नदीचे खरे कारखानदार आहेत. विरघळलेल्या लोखंडाला प्राणवायू जोडून त्यातून मिळणाऱ्या शक्तीवर ते जगतात. एरवी हे काम आम्लात इतके सावकाश होते की डोंगर कुजायला युगे लागली असती. हे जिवाणू ते लाखपट वेगाने करतात. त्यातून तयार झालेले लोखंड पुन्हा पायराइटवर तुटून पडते आणि नवे आम्ल करते. एकदा सुरू झालेले हे चक्र स्वतःलाच पोसत राहते.

मंगळाचा संबंध इथे येतो. २००४ मध्ये ऑपॉर्च्युनिटी या यानाला मंगळाच्या मेरिडियानी मैदानातल्या खडकांत जारोसाइट सापडला. जारोसाइट पाण्यावाचून, आणि तेही आंबट पाण्यावाचून, होत नाही. म्हणजे मंगळावर एकेकाळी असे पाणी होते. या खनिजाचे नाव स्पेनमधल्याच आल्मेरिया भागातल्या हारोसो घळीवरून १८५२ मध्ये ठेवले गेले होते. त्यानंतर दीडशे वर्षांनी तेच नाव दुसऱ्या ग्रहावरच्या बातमीत आले. नासा आणि स्पेनच्या खगोलजीवशास्त्र केंद्राने उगमाजवळ जमिनीत भोके पाडून, उजेड नसलेल्या जागी जीव कसे जगतात ते तपासले. आपल्याकडे कच्छमधल्या मातानोमढ इथे जारोसाइट सापडतो, आणि भारतीय संशोधकांनी त्याचाही मंगळाच्या जमिनीशी ताडून अभ्यास केला आहे. देवीच्या दर्शनाला त्या गावी जाणाऱ्या कितीजणांच्या पायांना ही पिवळी माती लागली असेल.

चौथ्या दिवशी नीएब्लाला पोचले. नदीच्या वळणावरचे हे तटबंदीचे गाव, दोन किलोमीटरचा कोट आणि त्याला चाळीसहून अधिक बुरूज. मुस्लिम राजवटीत इथली माती ठोकून बांधलेल्या या भिंती नदीच्याच रंगाच्या आहेत. खाली रोमन पूल अजून उभा आहे. पुलाच्या आसपास पीठ दळायच्या पाणचक्क्यांचे अवशेष दिसतात. ज्या पाण्याचा घोट घेता येत नाही, त्याच्यावर शतकानुशतके लोकांनी भाकरीचे पीठ दळून घेतले.

मी कोकणातली, तांबडे पाणी मला नवे नाही. आमच्याकडे पहिल्या पावसात ओढे जांभ्याची माती घेऊन लालेलाल वाहतात. पण जांभ्यात लोखंडाचा गंज असतो, गंधक उरलेले नसते. तो डोंगर कुजून शांत झालेला आहे. इथला अजून कुजतो आहे. आपल्या देशात याची जुळी बहीण पाहायची तर मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांत जावे लागेल. तिथल्या कोळशात पायराइट आहे, आणि उघड्या पडलेल्या खाणींच्या पाझराने नद्या आंबल्या आहेत.

नीएब्लाभोवती पांढऱ्या द्राक्षांच्या बागा आहेत. तोडणी उरकली होती. एका बागेच्या छपरीत निळ्या डागांनी रंगलेले लाकडी पिंप दिसले आणि मी आत डोकावले. सत्तरीतले एक आजोबा खुर्चीत बसले होते. पिशवीतून त्यांनी मूठभर निळे खडे काढून दाखवले. १८८५ च्या सुमारास फ्रान्सच्या बोर्डो परगण्यात मोरचूद-चुन्याचा हा उपाय द्राक्षांसाठी निघाला, आणि तिथून तो नाशिक-सांगलीच्या बागांपर्यंत आणि आमच्या पोफळींपर्यंत आला. चुना पुरेसा झाला हे तुम्ही कसे ओळखता, असे मी बाईंच्या मार्फत विचारले. आजोबांनी काही न बोलता खिशातला छाटणीचा चाकू काढला, पिंपात बुडवल्यासारखा केला, वर काढला, आणि पात्यावरून बोट फिरवून मान हलवली. मी माझ्या आजोबांच्या विळ्याची खूण हाताने केली. त्यानंतर आम्हाला दुभाषाची गरज लागली नाही.

त्या रात्री पाऊस आला. छपरांवर तासभर कोसळला आणि थांबला. पहाटे मी पुलावर गेले. पाणी हातभर चढले होते आणि रंग आगळाचा राहिला नव्हता, काताच्या गाळासारखा झाला होता. काठचे दगड धुऊन काळेभोर. काल संध्याकाळी त्यांच्यावर बोटभर जाड असलेली पिवळी किनार कुठेच नव्हती. चार महिन्यांच्या उन्हाने जे आम्ल आणि जे धातू क्षारांच्या रूपात बांधून ठेवले होते, ते एका रात्रीत नदीत परत गेले होते. म्हणून इथे पहिल्या पावसाचे पाणी सर्वांत घातक असते. आमच्याकडे पहिल्या पावसाची वाट पाहतात. इथल्या खाडीतल्या जिवांना तोच सर्वांत कठीण दिवस. काठाची ती सुंदर किनार म्हणजे नदीने उन्हाळाभर केलेली साठवण होती, हे मला रिकाम्या दगडांनी दाखवले.

पुढे मोगेर, कवी हुआन रामोन हिमेनेस यांचे गाव. १९५६ चे नोबेल मिळालेल्या या कवीने आपल्या गाढवाला उद्देशून लिहिलेल्या पुस्तकात खाणींनी नासवलेल्या या नदीसाठी शोक केला आहे. त्याच्या पुढे पालोस. ३ ऑगस्ट १४९२ रोजी कोलंबसची तीन गलबते इथूनच निघाली. हिंदुस्थान शोधायला निघालेला माणूस या तांबड्या खाडीतून गेला, आणि मी हिंदुस्थानातून येऊन तीच खाडी पाहत होते. बंदर आता गाळाने भरले आहे. जवळच्या ला राबिदा मठात त्या प्रवासाची भित्तिचित्रे आहेत, आणि ती काढणारे वास्केस दियास उगमाजवळच्या नेर्वा गावचे. नदीच्या एका टोकाला जन्मलेल्या माणसाने दुसऱ्या टोकाच्या भिंती रंगवल्या.

वेल्वापाशी तिंतोला ओदिएल नदी भेटते, तीही अशाच खाणींतून आलेली. भरतीचे खारे पाणी वर चढते, आम्ल मंदावते, आणि विरघळलेले लोखंड गेरूसारखे खाली बसते. कंपनीच्या जुन्या धक्क्यावरून ओहोटीच्या वेळी तो गाळ पाहिला. नदीकाठाला २००४ मध्ये संरक्षित निसर्गदृश्याचा दर्जा मिळाला. रिओतिंतोची तांब्याची खाण २०१५ मध्ये पुन्हा सुरूही झाली, कारण विजेच्या प्रत्येक तारेला तांबे लागते. याच पट्ट्यातल्या आस्नालकोयारला एप्रिल १९९८ मध्ये खाणीच्या गाळाचा बांध फुटला आणि विषारी पाणी दोन्याना अभयारण्याच्या उंबऱ्यापर्यंत गेले. इथल्या माणसांना पोट आणि पाणी या दोहोंतून एक निवडायला सांगणे सोपे नाही. पण एक गोष्ट इथे स्पष्ट दिसते. खाण चालू करणे आणि बंद करणे माणसाच्या हातात आहे. उघड्या पडलेल्या पायराइटचे कुजणे त्याच्या हातात नाही. रोमन गेले, साहेब गेले, तेलेरा विझल्या, आणि दर उन्हाळ्यात किनार पुन्हा फुटते. ओदिएलच्या खोऱ्यात काही बंद खाणींचे पाणी आता चुनखडीची वाळू आणि लाकडाचा भुसा भरलेल्या टाक्यांतून झिरपवतात. आम्ल मरते, धातू आत अडकतात. उपाय म्हणाल तर आमच्या पडवीतलाच, चुन्याचा.

मे महिन्याच्या अखेरीस श्रीवर्धनला गेले तेव्हा भावाने मिश्रण कालवले होते. आजोबांचा विळा त्याच्या हातात होता. त्याने तो बुडवून वर काढला, तर पात्यावर तिंतोच्या काठासारखा तांबूस पापुद्रा. “अजून चुना,” मी म्हणाले. त्याने चुन्याच्या निवळीचे दोन तांबे आणखी ओतले, काठीने ढवळले, विळा राखेने घासून पुन्हा बुडवला. या वेळी पाते पांढरेच राहिले.